काओरची काळी वाइन आणि बदकाची चरबी

फ्रान्समधल्या काओर शहराच्या परिसरातल्या कोवळ्या वाइनचा पहिला घोट तुरट लागतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते ना, अगदी तशी. रंगही जांभळासारखाच. इंग्रज व्यापाऱ्यांनी तर तिला 'काळी वाइन' असंच नाव देऊन टाकलं होतं. हा रंग आणि तुरटपणा मालबेक द्राक्षाचा. नैऋत्य फ्रान्समध्ये लॉट नदीच्या वळणावळणांतल्या पायरीसारख्या जमिनींवर आणि वरच्या चुनखडीच्या पठारावर ते पिकतं. नदीकाठची वाइन जरा मऊ, तर पठारावरची कडक आणि वर्षानुवर्षं टिकणारी.

या वाइनचं दुर्दैव असं की बाजाराची वाट बोर्डोतून जात होती. लॉट नदी गारोनला मिळते, आणि गारोनच्या काठी, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर बोर्डोचं बंदर आहे. 1152 मध्ये बोर्डो ज्या अक्विटेन प्रांतात येतं, तिथल्या डचेस एलेनॉरने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केलं आणि या मुलुखाच्या वाइनला लंडनचं गिऱ्हाईक मिळालं. पण पुढे बोर्डोच्या व्यापाऱ्यांनी इंग्लंडच्या राजाकडून खास हक्क मिळवले. त्यांची स्वतःची नवी वाइन जहाजांवर चढेपर्यंत नदीच्या वरच्या अंगाच्या गावांच्या पिंपांना थांबावं लागे, आणि तोवर इंग्लंडला जाणारी जहाजं भरून गेलेली असत. वर आपल्या फिक्या वाइनला रंग आणि जोर यावा म्हणून तेच व्यापारी तिच्यात काओरची वाइन मिसळत. ज्या वाइनने दुसऱ्याचं नाव राखलं, तिलाच दाराबाहेर ताटकळत ठेवलं, हा मला उघड अन्याय वाटतो. हे हक्क मोडण्याचा हुकूम फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने काढला, तो थेट 1776 मध्ये.

त्यानंतरचे चांगले दिवस शंभर वर्षंच टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने वेली मारल्या. मालबेक आधीच मणीगळीला, म्हणजे कोवळे मणी गळून पडण्याला, हळवं, त्यामुळे पुन्हा लागवड करताना अनेकांनी भरवशाचं उत्पन्न देणाऱ्या संकरित जाती लावल्या. 1947 मध्ये पार्नाक गावात सहकारी वाइनरी उभी राहिली आणि मालबेक परत आणायचे प्रयत्न सुरू झाले. तेवढ्यात फेब्रुवारी 1956 मध्ये भयंकर थंडी पडली आणि बहुतेक सगळ्या बागा गोठून गेल्या. मात्र नव्याने लागवड करताना शेतकऱ्यांनी मालबेकच निवडलं. 1971 मध्ये काओरला संरक्षित नामांकन मिळालं, म्हणजे ठराविक भागात, ठराविक नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येतं. त्याच्या नियमाप्रमाणे वाइनमध्ये किमान 70 टक्के मालबेक हवंच, उरलेलं मेर्लो किंवा ताना. हेच मालबेक 1853 च्या सुमारास मिशेल एमे पुझे या फ्रेंच तज्ज्ञाने अर्जेंटिनात नेलं होतं. तिथल्या उन्हात ते गोडसर आणि मऊ झालं. जगाला मालबेकची ओळख बहुधा तीच आहे. काओरचं मात्र अजून काळ्या बेरीचं, अळूबुखाऱ्याचं आणि ज्येष्ठमधाचं, शेवटी घसा कोरडा करणारं.

म्हणूनच ही वाइन जेवणाशिवाय पिऊ नये. तुरटपणा येतो द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिन या द्रव्यामुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं आणि तोंड कोरडं पडतं. सोबत मांस आणि चरबी असली की त्याची धार बोथट होते. आणि या मुलुखाचं जेवण तर बदकाच्या चरबीवरच उभं आहे. कॉन्फी करताना बदकाच्या तंगड्या मिठात मुरवतात, त्यांच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि चरबीतच बुडवून ठेवतात. आपल्याकडे लोणच्यावर तेलाचा थर राखतात, तसंच ते. जवळच्या तुलूजकडचं कासुले, म्हणजे पांढऱ्या घेवड्याबरोबर तासन्‌तास शिजवलेलं मांस, हेही तिचं हक्काचं जोडीदार. जुन्या बाटलीत चामड्याचा, मातीचा वास उतरतो. ती हिवाळ्यात, इथल्याच काळ्या ट्रफलबरोबर, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीबरोबर, उघडावी.

आणि साध्या घरातलं सूप. वाडग्याच्या तळाशी थोडं उरलं की म्हातारी माणसं त्यात लाल वाइन ओततात, वाडगा हलवतात आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावतात. तिकडे याला 'शाब्रो' म्हणतात.