चढणीच्या माशाला काय दिसतं?

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथून पुढचा प्रवाह मॉमी नदी म्हणून ओळखला जातो. ओहायोतल्या टोलेडो शहरापाशी ती ईरी सरोवराला मिळते. मार्च-एप्रिलमध्ये वॉलाय जातीचे मासे सरोवरातून या नदीत शिरतात. ते परतायला लागले की, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिनाभर, पाळी येते व्हाइट बासची. कोकणात पहिल्या पावसाला ओढ्यांत चढणीचे मासे येतात, तशीच ही चढण. फक्त इथे पावसाऐवजी पाण्याची ऊब इशारा देते. पाणी साधारण १२ ते २० अंश सेल्सियस असताना हे मासे अंडी घालतात. नर आधी येतात, माद्या काही आठवड्यांनी. एकेक मादी अडीच लाखांपासून नऊ लाखांपर्यंत अंडी सोडते. ती दगडगोट्यांना चिकटतात आणि दोनेक दिवसांत फुटतात. राखण कुणीच करत नाही.

या दिवसांत मॉमी आणि पेरिसबर्ग या समोरासमोरच्या गावांपाशी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे गरवतात. आमिष जिवंत नसतं. धातूचं, रबराचं, पिसांचं असतं. त्याला लुअर म्हणतात. दुकानात लुअरच्या रंगांची रांगच लागलेली असते आणि नवखा माणूस रंगापासूनच सुरुवात करतो. माझ्या मते रंगाचा नंबर तिसरा. आधी खोली, मग पाण्यातली थरथर, त्यानंतर रंग.

खोली आधी का? वाहत्या पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तळाशी पाणी दगडवाळूला घासून चालतं, म्हणून तिथे ते मंदावतं. प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा ताकद वाचवायला तळालगत आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला थांबतो. लुअर त्याच्या डोक्यावरून वाहून गेला तर तो वर येण्याचे कष्ट बहुधा घेत नाही. तळ गाठायला सोयीची म्हणजे जिग: शिशाच्या गोळीत बसवलेला गळ आणि त्यावर मऊ रबरी शेपूट. नदीसाठी साडेतीन ते सात ग्रॅमची जिग पुरते.

तळ लागत नाही म्हटल्यावर पुष्कळ जण वजन वाढवतात. पण शिशाची नुसती गोळी घेतली, तर वजन दुप्पट केल्यावर तिचा बुडण्याचा वेग जेमतेम १२ टक्क्यांनी वाढतो, कारण गोळी मोठी झाली की पाण्याचा अडथळाही वाढतो. जिगची शेपूट तेवढीच राहते, त्यामुळे तिला फायदा थोडा जास्त होतो. तरीही तो ४० टक्क्यांपलीकडे जात नाही. त्यापेक्षा दोर बारीक घ्यावा आणि फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला करावी. समजा पाणी दीड मीटर खोल आहे, जिग सेकंदाला अर्धा मीटर बुडते आणि प्रवाह सेकंदाला ७० सेंटीमीटर आहे. तळाला टेकेपर्यंत तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात ती प्रवाहासोबत सुमारे दोन मीटर पुढे वाहते. म्हणजे ज्या दगडामागे मासा असेल, त्याच्या दोन मीटर अलीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जिग पडली पाहिजे.

आता थरथर. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिच्यात सूक्ष्म केसांच्या संवेदी पेशी असतात. जवळपास पाणी हललं की हे केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. काही शरीरलांबींपुरतीच या इंद्रियाची पोच, पण गढूळ पाण्यात तेवढंही मोलाचं. मॉमीच्या खोऱ्यात शेतीच शेती आहे. पाऊस झाला की नदी मातकट होते. अशा वेळी फिरत्या पात्याचा लुअर, म्हणजे स्पिनर, कामाला येतो. पात्याच्या आकारात मोठा फरक आहे. गोलसर पातं दांड्यापासून फाकून सावकाश फिरतं आणि पाण्याला जोरदार धक्के देतं. निमुळतं पातं दांड्याला बिलगून भराभर फिरतं. त्याचे धक्के हलके, पण लकाकी जास्त. म्हणून गढूळ पाण्याला गोल, नितळ पाण्याला निमुळतं.

ती लकाकी का हवी? छोट्या माशांच्या खवल्यांखाली ग्वानिनच्या पातळ स्फटिकांचे थर असतात. ते आरशासारखा प्रकाश परतवतात, म्हणून पळणारा मासा चमकतो. पाच-सात सेंटीमीटरचं चंदेरी पातं त्याचीच नक्कल करतं.

व्हाइट बास डोळ्यांवर जगणारा मासा आहे. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘क्रायसॉप्स’चा अर्थच सोनेरी डोळ्यांचा. १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनच्या मेंडोटा सरोवरात एक सुंदर प्रयोग केला. अंडी घालण्याच्या जागी पकडलेले व्हाइट बास त्यांनी सरोवराच्या मध्यावर सोडले आणि प्रत्येकाला दोऱ्याने तरंगता फुगा बांधला. ऊन असताना मासे उत्तरेला, आपल्या जागेच्या दिशेने निघाले. आभाळ भरलेलं असताना वाट फुटेल तिकडे गेले. सूर्य त्यांना दिशा दाखवत होता.

रंगाचं उत्तरही पाण्यातच आहे. नितळ पाण्यात तांबडा प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो. मातकट पाण्यात उलट निळा आधी संपतो आणि पिवळा, नारिंगी तुलनेने खोल पोचतात. म्हणून मॉमीला पोपटी-पिवळी आणि नारिंगी शेपटी चालते, नितळ पाण्याला पांढरी किंवा चंदेरी. इलिनॉय विद्यापीठात २०१९ साली लार्जमाउथ बासवर झालेल्या अभ्यासात त्या माशाला पोपटी-पिवळा आणि पांढरा यांतला फरक नीट कळत नसल्याचं दिसलं. तो वेगळ्या कुळातला मासा, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावू नये. पण रंगांच्या दहा छटा विकत घेण्याआधी तो आठवावा.

राहिला ओढण्याचा वेग. माशाचं शरीर पाण्याएवढंच गार असतं, त्यामुळे १२ अंशांच्या पाण्यात त्याच्या हालचालीही मंद असतात. तेव्हा जिग तळावरून ठेचकाळत, थांबत थांबत आणावी. मेच्या मध्याला पाणी १६-१७ अंशांवर गेलं की पातं भराभर ओढलं तरी मासा मागून येऊन धडकतो.