बेघर वेगळा, भिकारी वेगळा

थंडी पडली की बातमी ठरलेली: 'भिकाऱ्यांना ब्लँकेट वाटप'. फोटोत नागपूरच्या बर्डी बाजारातल्या बंद दुकानांच्या ओट्यांवर झोपलेली माणसं. यातला खरंच कोणी भीक मागतो का, हे विचारायची तसदी ना वाटणाऱ्यानं घेतलेली, ना छापणाऱ्यानं.

झोपडपट्टीवाल्यांना बेघर म्हणणारेही आहेत, पण तो घोळ एका वाक्यात मिटतो: टिनाचं का होईना, झोपडीला छप्पर असतं आणि जनगणनेत ती घर म्हणून मोजली जाते.

खरी गोची भिकाऱ्यापाशी. 'भिकारी' म्हटलं की माणूस पोट कसं भरतो ते कळतं. 'बेघर' म्हटलं की तो रात्री पाठ कुठे टेकतो ते. शनिवारी शनिमंदिरापुढे हात पसरणारा संध्याकाळी आपल्या खोलीवर जात असेल, तर तो बेघर नाही. म्हणूनच गेल्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री झाली, फुटपाथवर, प्लॅटफॉर्मवर, पुलाखाली. देशभरात सुमारे 17.7 लाख निघाले, त्यातले 9.38 लाख शहरांत.

बर्डीवरच्या अशाच एका ओट्यावरचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. केटररकडे पोळ्या लाटतो. झोपताना चपला उशाखाली, नाहीतर सकाळी नसतात. "मी मांगत नाही भाऊ, काम करतो," हे त्यानं मी न विचारताच सांगितलं होतं. कळमना बाजारातला हमाल, भंगार वेचणारी बाई, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती असलेल्या पेशंटचे बाहेरगावचे नातेवाईक, ओट्यावर असेच लोक असतात. खोली घ्यायची तर डिपॉझिट आणि कागदपत्रं लागतात, ती कुठून आणणार?

कायद्यानंच हा घोळ पक्का करून ठेवलाय. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यानुसार, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत फिरणारा माणूसही भिकारीच ठरतो. हात पसरलाच पाहिजे असं नाही. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृह. मळके कपडे आणि गाठोडं एवढ्यावर पोळ्या लाटणाराही त्यात सापडू शकतो.

बेघरांसाठी निवारे आहेत. केंद्राच्या योजनेत शहरातल्या दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय धरलेली होती. पण लग्नाच्या पंगती आटोपून पोळ्यावाला सुटतो रात्री एकला. तेव्हा निवाऱ्याचं दार वाजवण्यापेक्षा ओटा जवळ पडतो, असं तो म्हणतो.