जहाजाच्या पोटातलं पाणी

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका शाळेत गोदावरीवर बोलायला गेलो होतो. जलपर्णीचा विषय निघाला. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, जांभळी फुलं छान दिसतात म्हणून माणसानेच जगभर नेली, हे सांगून झालं. ओघात म्हणालो, समुद्रातही असंच होतं, परक्या प्रजाती घुसतात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, नदीचं समजलं. पण समुद्र तर सगळा एकच आहे ना? मग त्यात परका कोण अन् घरचा कोण?"

निघताना एक शिक्षक हसत म्हणाले, "इथं नळाला आठ दिवसाआड पाणी येतं अन् तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलात!"

आधी मुलाचं. नकाशात समुद्र एकसारखा निळा दिसतो, तिथेच फसगत होते. किनाऱ्याला चिकटून राहणाऱ्या शिंपल्याला भर समुद्र म्हणजे वाळवंट. चिकटायला दगड नाही, खायला फारसं नाही. त्याचं पिल्लू, म्हणजे डिंभक, फार तर काही आठवडे तरंगतं. तेवढ्यात टेकायला जागा मिळाली नाही तर संपलं. एक महासागर ओलांडायला प्रवाहांना महिनोन् महिने लागतात. शिवाय वाटेत पाण्याचं तापमान बदलतं, खारटपणा बदलतो. हे समुद्रातले बांध. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या दोन्ही अंगांना लाखो वर्षं वेगवेगळे जीव घडत गेले आहेत.

हे बांध आपण फोडले ते जहाजाच्या पोटातल्या पाण्याने.

रिकामी ट्रॅक्टर ट्रॉली रस्त्यावर कशी उड्या मारते ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रिकाम्या जहाजाचं तसंच. माल उतरला की ते वर उचललं जातं, पंखा अर्धा पाण्याबाहेर येतो, वाऱ्याने डोलायला लागतं. म्हणून त्याच बंदराचं पाणी पंपाने तळाच्या टाक्यांत भरून घेतात. याला बॅलास्ट म्हणतात. पूर्वी लाकडी जहाजांत यासाठी दगड नाहीतर वाळू भरत. पंप आले आणि दगडांची जागा पाण्याने घेतली. पुढच्या बंदरात माल भरायला लागले की हे पाणी समुद्रात सोडून देतात.

किती पाणी? २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची ती आठवा. पन्नास वाघिणींच्या एका खेपेत साधारण २५ लाख लिटर. मोठ्या मालवाहू जहाजात ५०,००० टन बॅलास्ट असू शकतो, म्हणजे सुमारे पाच कोटी लिटर. तशा वीस रेल्वेगाड्या, एका जहाजात. पंपाच्या तोंडाला जाळी असते, तिने मोठे मासे अडतात. अंडी, डिंभक, सूक्ष्म शेवाळं, जिवाणू आरपार जातात. टाकीच्या तळाशी गाळ साचतो आणि त्यात काही शेवाळांच्या कवचबंद पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात, अगदी पावसाची वाट पाहणाऱ्या गवताच्या बियांसारख्या.

यात एक गंमत आहे. माल ज्या दिशेने जातो, बॅलास्ट त्याच्या उलट दिशेने जातो. इंडोनेशियातून पाम तेलाचं जहाज भरून आपल्याकडे येतं आणि रिकामं परतताना आपल्याच बंदराचं पाणी घेऊन जाऊ शकतं. परभणीच्या कढईत भजी तळली जातात, त्याच्या मोबदल्यात कुठल्या तरी दूरच्या खाडीत आपले जीव सोडलेले असतात. मला हे तिथल्या तिथे सुचलं नाही, नाहीतर शिक्षक महाशयांना सांगितलं असतं.

बांध फुटला म्हणजे परका जीव लगेच रुजला असं मात्र नाही. मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच, जरा सावकाश वाचा.

बहुतेक शिंपले अंडी आणि शुक्राणू सरळ पाण्यात सोडतात. नर-मादी शेजारी असतील तर फलन होतं. दूर असतील तर? पाण्याला लांबी, रुंदी आणि खोली असते. अंतर दुप्पट झालं की तेच शुक्राणू आठपट पाण्यात पसरतात. तिप्पट झालं की सत्तावीसपट. थोड्याच अंतरावर गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे शंभर शिंपले मोठ्या खाडीत विखुरले तर ते सगळे जिवंत राहूनही त्यांचा वंश बुडतो. संख्या ठरावीक दाटीच्या खाली गेली की ती आपोआप घटत जाते आणि वर असली तर वाढते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ वॉर्डर ॲली यांच्या नावाने याला ॲली परिणाम म्हणतात. म्हणून किती जीव आले यापेक्षा ते एकाच जागी किती आले आणि पुन्हा पुन्हा किती वेळा आले, याला महत्त्व. जहाजं नेमकं हेच करतात. तोच धक्का, तेच संथ पाणी, दर महिन्याला नवी खेप.

काही जीव या उंबरठ्यावरून उडीच मारतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची निमिओप्सिस ही कंगवा-जेली, म्हणजे जेलीफिशसारखा दिसणारा मऊ जीव, उभयलिंगी आहे, एकटीच वंश चालवू शकते, दिवसाला हजारो अंडी घालते. १९८२च्या सुमारास ती काळ्या समुद्रात दिसली आणि दशक संपता संपता तिथली अँकोव्ही माशांची मासेमारी कोसळली. सगळं खापर जेलीवर फोडणं बरोबर नाही. आधीच बेसुमार मासेमारी झाली होती, नद्यांतून खतांचं पाणी येत होतं. १९९७ मध्ये तिला खाणारी दुसरी जेली, बेरोई, तिथे पोचली आणि पहिलीचा जोर ओसरला.

आपल्याकडचं उदाहरण मेक्सिकोच्या आखातातल्या काळ्या पट्ट्यांच्या शिंपल्याचं, मायटिलोप्सिसचं. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणमला आढळला, म्हणजे आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथून थोडं ईशान्येला, पुढे मुंबईतही. चिकट धाग्यांनी तो एकमेकांवर असा बसतो की चौरस मीटरला दहा हजारांच्या वर भरतात. १९९९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या डार्विनमध्ये बोटींच्या गोदीत सापडला. गोदीला दारं होती. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या घालाव्यात तशी ती बंद केली, आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, आतलं जवळपास सगळं मारलं आणि शिंपला संपवला. असं यश फार थोड्या वेळा मिळालं आहे. आपल्याकडे तसं झालं नाही.

थोडं विषयांतर. गोदाकाठी जाळ्यात एखादा चिलखती मासा आला की मोबाइलवर व्हिडिओ फिरतो. कुणी अवतार म्हणून हळद-कुंकू वाहतं, कुणी अपशकुन म्हणून ठेचतं, वाहिन्या त्याला 'राक्षस मासा' करतात. तो फिशटँकची काच साफ करणारा सकर मासा. घरात मावेना म्हणून कुणी तरी पुण्य समजून नदीत सोडलेला. आणि परका तेवढा वाईट, असंही नाही. बीडच्या बालाघाटातलं सीताफळ, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, तेही मूळचं अमेरिका खंडातलंच.

उपायाचं थोडक्यात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. आधी भर समुद्रात पाणी बदलायला सांगत, आता बहुतेक जहाजांवर शुद्धीकरण यंत्रं आहेत. गाळून अतिनील किरण मारायचे किंवा समुद्राच्याच मिठातून विजेने हायपोक्लोराइट तयार करायचं. म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते तोच प्रकार. निकष असा की ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला दहापेक्षा कमी हवेत.

हिशोब करा. ५०,००० घनमीटर, प्रत्येकी दहाच्या आत. कायदा काटेकोर पाळणारं जहाजही पाच लाखांच्या आसपास जीव सोडू शकतं. ऐकायला भयंकर. पण शुद्ध न केलेल्या पाण्यात घनमीटरला हजारच धरले तरी तो आकडा पाच कोटी होतो. शंभरपट घट झाली की दाटी उंबरठ्याखाली जाईल, अशी त्यामागची आशा. ॲली परिणाम इथे आपल्या बाजूने उभा राहतो.

हे सगळं टाकीतल्या पाण्याचं झालं. जहाजाच्या बुडाला बाहेरून चिकटून येणाऱ्यांसाठी अजून असा करार नाही, २०११ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना तेवढ्या आहेत. आणि तिथे शिंपले आधीच एकमेकांना खेटून बसलेले असतात.