अनाथांची इस्टेट आणि तिच्यातली माणसं

सातबाऱ्यावर एखाद्या लहान वारसाचं नाव असलं की सोबत 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरं दिसतात. अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होईपर्यंत त्याची जमीन सांभाळायची, उत्पन्नातून त्याला वाढवायचं, पण मुद्दलाला हात लावायचा नाही. मला ही तरतूद फार मायेची वाटते. म्हणूनच अठराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियात अशीच तरतूद माणसांना जखडून ठेवायला कशी पुरली, हे वाचल्यापासून मनातून जात नाही.

'माय मरो, मावशी जगो' असं आपण म्हणतो. आपलं पोरकेपण आईच्या जाण्याशी बांधलेलं. व्हर्जिनियाच्या कायद्यात बाप गेला की मूल अनाथ ठरे, आई डोळ्यांसमोर असली तरी. कारण प्रश्न मायेचा नव्हता, मालमत्तेचा होता. विधवेने पुन्हा लग्न केलं तर मुलांचा वारसा नव्या नवऱ्याच्या घशात जाऊ नये, म्हणून न्यायालय पालनकर्ता नेमी, त्याच्याकडून जामीन घेई आणि हिशेब मागे.

आता त्या मालमत्तेत काय काय होतं ते पाहू. 1662 च्या कायद्याने मुलाची गुलामी आईवरून ठरू लागली; बाप कोण, याला किंमत उरली नाही. 1705 मध्ये वारशापुरतं गुलामांना चक्क स्थावर मालमत्ता ठरवलं गेलं. ही माणसं जमिनीबरोबर वारसाकडे जायची. विधवेला तिसरा हिस्सा मिळे, पण हयातीपुरताच. या हिश्शाला तिकडे 'डावर' म्हणत. तिने त्यातल्या माणसांकडून काम करून घ्यायचं आणि तिच्यामागे ती मूळ वारसांकडे परत जायची. मधल्या काळात जन्मलेली त्यांची मुलंही इस्टेटीचीच. शेळी अर्धलीने दिल्यावर करडांचा हिशोब ठरतो, तसा इथे बाळांचा ठरलेला होता.

1757 मध्ये डॅनियल पार्क कस्टिस हा बडा जमीनदार मृत्युपत्र न करता वारला. मागे सुमारे 17,500 एकर जमीन, जवळपास 300 गुलाम, विधवा मार्था, मुलगा जॅकी आणि त्याहून लहान मुलगी पॅट्सी. जानेवारी 1759 मध्ये मार्थाने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि तो या मुलांचा पालनकर्ता झाला. तो या कामात चोख होता. पॅट्सीचं वाद्य, जॅकीचे कपडे, ज्याचा खर्च त्याच्या खात्यावर टाकायचा आणि वर्षाचा हिशेब न्यायालयात द्यायचा. जॅकीच्या दिमतीला जूलियस होता, पॅट्सीच्या दिमतीला रोझ. तीही मुलंच होती. त्यांच्यासाठी कोणत्याही न्यायालयाने पालनकर्ता नेमला नव्हता.

माझ्या मते या साऱ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. पालनकर्ता जितका प्रामाणिक, तितकी गुलामाची सुटका अवघड. एखाद्याला मुक्त करणं म्हणजे अनाथाच्या मुद्दलात तूट आणणं, आणि ती तूट स्वतःच्या खिशातून भरून देणं. इतर ठिकाणी पालनकर्ते अज्ञान वारसांचे गुलाम वर्षभराच्या बोलीने भाड्याने देत. ही बोली बहुधा 1 जानेवारीला होई. त्या भाड्यातून वारसाचं शिक्षण चाले आणि गुलामाचं कुटुंब वर्षभर विखुरलेलं राही.

लग्नाच्या वेळी मार्थाच्या हिश्शात 84 माणसं होती. 1799 पर्यंत वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर या हिश्शातली 153 माणसं झाली. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्ती लिहून दिली. या 153 जणांना तो मुक्त करू शकत नव्हता. दोन्ही गटांची आपसांत लग्नं झालेली होती. म्हणजे 1 जानेवारी 1801 रोजी एकाच खोपटातला नवरा मोकळा झाला आणि बायको-मुलं कस्टिसांची राहिली, असं घडलं. जॅकी 1781 मध्येच वारला होता. 1802 मध्ये मार्था गेल्यावर ही माणसं त्याच्या चार मुलांत वाटली गेली. तीही लहानपणी बाप गमावलेली, म्हणजे कायद्याने अनाथच.

ओना जज याच हिश्शातली. तिचा बाप गोरा इंग्रज शिंपी, पण आई बेटी कस्टिस इस्टेटीची, म्हणून ओनाही. आपल्याला मार्थाच्या नातीला, एलायझाला, लग्नानिमित्त दिलं जाणार, हे कळल्यावर मे 1796 मध्ये फिलाडेल्फियात, आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या वॉशिंग्टनचं कुटुंब जेवायला बसलेलं असताना, ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली. तिच्याऐवजी तिची धाकटी बहीण एलायझाकडे गेली. ओनाला परत आणायला 1799 मध्ये मार्थाचा भाचा तिथवर गेला होता. आधीच कानावर आल्याने ती निसटली. पुढे तिने जॅक स्टेन्स या मुक्त खलाशाशी संसार केला आणि गरिबीत दिवस काढले. म्हातारपणी तिला विचारलं गेलं, पळून आल्याचा पस्तावा होतो का? ती नाही म्हणाली, मी मुक्त आहे.

1848 मध्ये ती वारली. तिला कुणीही कधी मुक्तिपत्र दिलं नव्हतं. वॉशिंग्टनच्याच सहीने झालेल्या, पळालेल्या गुलामांना परत नेण्याच्या 1793 च्या कायद्याखाली कस्टिसांचे वारस तिला शेवटपर्यंत पकडून नेऊ शकले असते. न्यू हॅम्पशायरमध्ये मुक्त बापाच्या पोटी जन्मलेली तिची तिन्ही मुलंही, आई इस्टेटीची होती म्हणून, त्याच इस्टेटीत मोडत होती.