काकडीची कोशिंबीर आणि खमंग काकडी एकच नव्हे

परवा भाचीचा फोन आला, मावशी खमंग काकडी केली पण नुसतं पाणीच पाणी झालंय. विचारलं काय काय घातलंस, तर म्हणे दही. अगं मग ती कोशिंबीर झाली ना! हा घोळ खूप जणांचा होतो कारण दोन्हीत काकडी, दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर सगळं तेच असतं, आणि ताटात दोन्ही डावीकडेच वाढतात.

लोक म्हणतात दही घातलं की कोशिंबीर, नाही घातलं की खमंग काकडी. ते बरोबरच आहे, पण माझ्या मते खरा फरक काकडीच्या पाण्याचं काय करायचं त्यात आहे. काकडीत ९५ टक्के पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं.

खमंग काकडीत हे पाणी आपण मुद्दाम काढतो. आणि काकडी किसायची नाही, चोचवायची. म्हणजे सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरून सुरीने जवळजवळ उभे घाव घालत हात थोडा थोडा फिरवत राहायचं, आणि मग आडवं कापलं की बारीक, लहानमोठे तुकडे पडतात. किसलेल्या काकडीचा लगदा होतो, ह्यात मात्र दाताखाली कुरकुरीतपणा राहतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन मध्यम काकड्यांना मीठ लावून १० मिनिटं ठेवा, मग मुठीत घेऊन हलक्या हाताने पिळा. त्यात ३-४ चमचे कूट, थोडं ओलं खोबरं, अर्धं लिंबू, चमचाभर साखर, आणि वरून तूप-जिरं-मिरचीची चरचरीत फोडणी. उरलंसुरलं पाणी कूट पिऊन टाकतं. कूट मात्र दाणे खरपूस भाजून जाडसर केलेलं हवं, पीठ झालं तर सगळं चिकट होतं. आणि मीठ आधीच लागलंय, परत घालताना चव बघा. उपासाला साबुदाणा खिचडीबरोबर हीच करतात, तेव्हा फोडणीत मोहरी-हळद नाही.

कोशिंबीर त्यामानाने सोपी. काकडी बारीक चिरायची, पिळायची नाही, अर्धी वाटी घट्ट दही, चिमूटभर साखर, कूट घातलं तर घातलं. आंबटपणा दह्याचा असतो म्हणून लिंबू नको. फोडणी घालायची तर जरा निवू द्या, नाहीतर दही फुटतं. आणि मीठ अगदी पानं वाढताना, आधी घालून ठेवलं की तासाभरात ताक होतं. मसालेभाताबरोबर हीच हवी, तिखटावर गार दही छान लागतं.

भाचीला म्हटलं, पिळलेलं पाणी फेकू नकोस, त्यातच थालीपिठाचं पीठ भिजव, फक्त वरचं मीठ कमी घाल. आणि काकडी कुठलीही असो, आधी देठाकडची चकती चाखून बघायची, कडू लागली तर तिकडचा अजून थोडा भाग कापून परत चाखायची, आणि तरी कडूच लागली तर ती काकडी सरळ बाजूला.