तीन चषक आणि थकलेली वर्गणी

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल अरीना लीगने, म्हणजे छताखाली खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या (अरीना फुटबॉलच्या) एका छोट्या लीगने, ऑल्बनी एम्पायर या संघाचं सदस्यत्व रद्द केलं. हंगाम अजून संपलाही नव्हता. आधीच्या दोन्ही हंगामांचं विजेतेपद याच संघाकडे होतं, त्यामुळे खेळ वाईट होता म्हणून काढलं असं म्हणायला जागा नव्हती. कारण साधं होतं: लीगची वर्गणी थकली होती. लीगने जाहीर केलेला हिशेब असा, की एप्रिलचा हप्ता आधी चुकला, मग मालकाने तो भरला आणि मेच्या सुरुवातीला त्याच भरलेल्या रकमेवर हरकत घेतली. मेचा हप्ता आलाच नाही. शिवाय समाजमाध्यमांवर लीगविरुद्ध बोलल्याबद्दल १,००० डॉलरचा दंड झाला होता, तोही बाकी होता.

मालक होता अँटोनियो ब्राऊन. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगमधला एके काळचा अव्वल रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलून धावणारा खेळाडू), कारकिर्दीत कोट्यवधी डॉलर कमावलेला. म्हणून बातम्यांचा सगळा झोत त्याच्यावर पडला आणि ‘लहरी स्टारने संघ बुडवला’ असा मथळा तयार झाला. मला तो मथळा अर्धवट वाटतो. ब्राऊनने जे केलं ते केलंच, पण हा खेळ जन्मल्यापासून त्यातले संघ याच वाटेने गेलेत. ऑल्बनीचं प्रकरण समजून घ्यायचं तर एका पाकिटापासून सुरुवात करावी लागते.

फेब्रुवारी १९८१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा ऑल-स्टार सामना चालू होता. प्रेक्षकांत एनएफएलच्या प्रचार विभागात काम करणारा जिम फॉस्टर बसला होता. सॉकर जर आइस हॉकीच्या रिंगणात मावतं, तर अमेरिकन फुटबॉल का मावू नये, असं त्याच्या डोक्यात आलं आणि हातातल्या खाकी पाकिटावर त्याने तिथल्या तिथे मैदान आखलं. पूर्ण आकाराचं मैदान १०० यार्डांचं असतं, त्याचं ५० यार्डांचं झालं. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर ४४ यार्ड भरतात, त्याहून जरासं मोठं. रुंदी ८५ फूट, म्हणजे हॉकीच्या रिंगणाइतकीच. अकराऐवजी आठ खेळाडू. कडेला बाहेर जायला जागाच नाही, त्यामुळे भोवतालच्या लाकडी भिंतीला फोमची गादी लावलेली. पळता पळता धक्का बसला की खेळाडू थेट त्या गादीवर आदळतो, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातातली बिअर हिंदकळते. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या ताणलेल्या. चेंडू जाळीवर आपटून परत आला की तो अजून खेळात. आणि चेंडू प्रेक्षकांत गेला, तर ज्याच्या हाती लागला त्याचा.

मधल्या काळात फॉस्टर दुसऱ्या एका फुटबॉल लीगमध्ये गेला, ती लीग बुडाली, तेव्हा त्याने पाकीट पुन्हा बाहेर काढलं. १९८६ मध्ये इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावी चाचणी सामना झाला. १९८७ मध्ये शिकागो, डेन्व्हर, पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन अशा चार संघांनिशी अरीना फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्या अंतिम सामन्यात डेन्व्हरने पिट्सबर्गला ४५–१६ असं हरवलं.

फॉस्टरने पुढे जे केलं ते खेळाच्या इतिहासात क्वचितच कुणी केलं असेल. त्याने या खेळाचं पेटंट घेतलं. १९९० मध्ये ते मंजूर झालं आणि २००७ पर्यंत टिकलं. आपल्याकडे कुणी विटीदांडूचं पेटंट घेतलं असतं तर जे झालं असतं तेच तिथे झालं: बाकीचे लोक जाळीशिवाय खेळू लागले. ज्यांना छताखाली फुटबॉलचा धंदा करायचा होता पण परवाना घ्यायचा नव्हता, त्यांनी उसळी घेणाऱ्या जाळ्या काढून टाकल्या आणि नाव ठेवलं ‘इनडोअर फुटबॉल’. आज ‘अरीना’ आणि ‘इनडोअर’ अशी दोन नावं ऐकून नवख्याचा गोंधळ होतो, त्यामागे खेळाची तत्त्वं कमी आणि वकिलाची फाइल जास्त आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून अशा छोट्या लीग उगवू लागल्या. दोन-चार हंगाम चालायच्या, फुटायच्या, दुसरीत मिसळायच्या. त्यातली टिकून राहिलेली इनडोअर फुटबॉल लीगसुद्धा २००८ मध्ये अशाच दोन लीगच्या विलीनीकरणातून आली.

या जगाचं अर्थकारण कळायला भिशी आठवावी. दहा जणांची भिशी असते, दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची. एकाने हात वर केले की तो एकटा अडचणीत येत नाही, ज्यांचा नंबर पुढे आहे ते सगळे अडकतात. एनएफएलचं तसं नाही. तिथे टीव्हीचा पैसा मध्यभागी येतो आणि संघांमध्ये वाटला जातो. २०२३ पासूनच्या ११ वर्षांच्या प्रक्षेपण करारांची बेरीज १०० अब्ज डॉलरच्या पुढे जाते. छोट्या इनडोअर लीगमध्ये प्रवाह उलटा असतो. मध्यभागी पैसा नसतोच. संघच लीगला पोसतात. पंच, कार्यालय, विमा, जे काही सामाईक असेल ते या वर्गणीतून. त्याशिवाय स्टेडियमचं भाडं, बसचा प्रवास, हॉटेलं, खेळाडूंचं मानधन हे ज्याचं त्याचं. मिळकत म्हणजे तिकिटं आणि गावातले प्रायोजक: गाड्यांचा डीलर, पिझ्झावाला, एखादं हॉस्पिटल. घरच्या मैदानावर हंगामात जेमतेम सहा-आठ सामने. त्यातली एक शनिवारची संध्याकाळ बर्फात वाहून गेली की हंगामाच्या कमाईचा मोठा तुकडा गेला.

आणि एक संघ मध्येच गळला तर? त्याच्याशी होणारे पुढचे सामने रद्द. म्हणजे ज्या गावाने तिकिटं विकून ठेवली आहेत त्याची कमाईची संध्याकाळ गेली. तो संघ मग आपली वर्गणी कुठून भरणार? एकाच्या थकबाकीतून दुसऱ्याची तयार होते ती अशी.

विम्याचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण बाहेरच्यांना तो दिसत नाही. अमेरिकेत खेळाडू हा संघाचा कर्मचारी धरला जातो, आणि कामावर दुखापत झाली तर भरपाई देणारा विमा मालकाला काढावा लागतो. ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी हा हप्ता किरकोळ असतो. ज्याचं कामच शंभर-सव्वाशे किलोच्या माणसावर धडकणं हे आहे, त्याच्यासाठी तो किरकोळ कसा असेल? मूळ अरीना लीगच्या शेवटच्या घटकेतही विमाच आडवा आला.

मोठ्या लीगची, म्हणजे मूळ अरीना फुटबॉल लीगची, गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण छोट्यांची सगळी दुखणी तिच्यातच मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत. नव्वदच्या दशकात तिने कर्ट वॉर्नर घडवला. एनएफएलने नाकारलेला हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) आयोवातल्या एका किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर रात्रपाळीत फळ्यांवर माल रचत होता. मग १९९५ पासून तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला, आणि १९९९ च्या हंगामात सेंट लुईसला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिला. याच वॉर्नरने पुढे भारतात अमेरिकन फुटबॉल लीग सुरू करणाऱ्यांच्या मागे पैसा लावला. तिच्या २०१२ च्या पहिल्या हंगामात पुणे मराठाजने अंतिम सामन्यात दिल्लीला ६–० असं हरवलं होतं. ती लीगही तग धरू शकली नाही. पुण्यात किती जणांना आपल्या शहराचं हे विजेतेपद ठाऊक आहे, कुणास ठाऊक.

वॉर्नरच्या कथेने मोठे मालक आले. एनएफएलमधल्या डॅलस काउबॉइजचा मालक जेरी जोन्सने संघ घेतला, रॉकस्टार जॉन बॉन जोव्हीने फिलाडेल्फियात घेतला. २००३ पासून एनबीसी वाहिनीवर सामने दिसू लागले, पण त्या करारात हक्कांचे आगाऊ पैसे नव्हते, जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा होता. पडद्यावर आल्याने पगार वाढले, तिजोरी मात्र तिथेच राहिली. २००८ च्या मंदीत न्यू ऑर्लीन्सने अचानक दुकान बंद केलं, डिसेंबरात २००९ चा हंगामच रद्द झाला आणि पाठोपाठ दिवाळखोरी आली. लीगचं नाव आणि बोधचिन्हं लिलावात घेऊन लोकांनी २०१० मध्ये ती पुन्हा उभी केली, ती काटकसरीच्या पायावर. सामन्याला ४०० डॉलर मानधन. मार्च २०१२ मध्ये खेळाडूंनी संपाची हाक दिली, तेव्हा पिट्सबर्गच्या संघाचे खेळाडू ऑर्लँडोतल्या एका रेस्तराँमध्ये सामन्याआधीचं जेवण घेत होते. मालकांनी तिथेच बहुतेकांना कामावरून काढलं. पास्त्याच्या प्लेटा समोर आणि नोकरी गेलेली.

आता ऑल्बनी. न्यूयॉर्क राज्याची राजधानी, हडसन नदीकाठचं मध्यम शहर, पण या खेळावर जीव टाकणारं. १९९० पासून तिथे ऑल्बनी फायरबर्ड्स खेळत होते आणि १९९९ मध्ये त्यांनी विजेतेपदही मिळवलं. त्या संघाचा तारा होता ‘टचडाऊन’ एडी ब्राऊन. २००६ मध्ये त्याला लीगच्या इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. अँटोनियो हा त्याचाच मुलगा. म्हणजे २०२३ मध्ये ब्राऊनने ऑल्बनीचा संघ घेतला, तेव्हा शहराला तो बापाच्या गावी परतलेला लेक वाटला असेल तर नवल नाही. २००० च्या हंगामानंतर फायरबर्ड्सना मालकांनी इंडियानापोलिसला हलवलं होतं. अरीना फुटबॉलचा संघ शहराला सोडून जाण्याचा हा पहिला अनुभव.

२०१८ मध्ये अरीना लीगचा नवा संघ ऑल्बनीत आला, नाव एम्पायर. त्या वर्षी लीगमध्ये उरले होते सगळे मिळून चार संघ, आणि नियमित हंगामात बारापैकी दोनच सामने जिंकलेला वॉशिंग्टनचा संघ अखेर विजेता ठरला, यावरून काय ते समजा. २०१९ मध्ये एम्पायरने फिलाडेल्फियाला ४५–२७ ने हरवून चषक घेतला. ऑक्टोबरात लीगने संघांची स्थानिक कार्यालयं बंद केली. आधीच्या विमा कंपनीने लावलेला दावा हे त्यामागचं एक कारण होतं. नोव्हेंबरात लीग दिवाळखोरीत गेली. ऑल्बनीच्या चाहत्यांना आपला संघ जगज्जेता आहे हे सांगायला जेमतेम साडेतीन महिने मिळाले.

करोनाचं वर्ष गेलं. २०२१ मध्ये स्थानिक उद्योजक माइक क्वार्टा यांनी तेच नाव घेऊन संघ उभा केला आणि नॅशनल अरीना लीगमध्ये घातला. ही लीग २०१७ पासून खेळणारी, छोटी, बहुतांश दक्षिणेकडच्या राज्यांतली. ऑल्बनी नकाशावर त्यांच्यापासून पार दूर, म्हणजे प्रवास लांबचा. तरी संघाने २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं जिंकली. मैदानावर याहून अधिक काही करता येत नाही. मग २०२३ च्या मार्चमध्ये ब्राऊन आला, काही आठवड्यांत जवळपास सगळी मालकी त्याच्याकडे गेली, प्रशिक्षक बदलले, पगार थकल्याच्या तक्रारी बाहेर आल्या आणि जूनमध्ये लीगने दार लावलं.

चांगल्या मालकाकडे असता तर संघ वाचला असता का? तो हंगाम नक्की वाचला असता. त्यापुढे मी पैज लावणार नाही, कारण ज्यांनी वर्गणी वेळेवर भरली त्यांनीही हंगाम संपताच बाडबिस्तरा आवरला. त्याच वर्षीचा विजेता जॅक्सनव्हिल आणि सोबत सॅन अँटोनियो इनडोअर फुटबॉल लीगमध्ये गेले. ऑर्लँडो आणि वेस्ट टेक्सस यांनी पुन्हा जिवंत होऊ घातलेल्या अरीना लीगची वाट धरली.

ती लीग २०२४ च्या एप्रिलमध्ये १६ संघांच्या घोषणेसह सुरू झाली. काही आठवड्यांतच पैसे न मिळाल्याच्या बातम्या, रद्द झालेले सामने, आयुक्त ली हटन यांची गच्छंती, आणि उरलेल्या संघांनी एनएफएलचे माजी प्रशिक्षक जेफ फिशर यांना पुढे करून कसाबसा पार पाडलेला हंगाम. जुलैतल्या अंतिम सामन्यात बिलिंग्सने ४६–४१ असा विजय मिळवला. हरलेला संघ होता ऑल्बनी फायरबर्ड्स. जुनं नाव, नवा संघ.

२०२५ च्या हंगामासाठी उरलेल्या संघांपैकी काहींनी अरीना फुटबॉल वन नावाने आणखी एक लीग काढली आणि फायरबर्ड्स तिच्यात गेले. सामने त्याच इमारतीत होतात, जिथे १९९० मध्ये पहिले फायरबर्ड्स खेळले होते. तेव्हा तिचं नाव निकरबॉकर अरीना होतं, मग पेप्सी अरीना, मग टाइम्स युनियन सेंटर. २०२२ पासून पाटीवर एमव्हीपी अरीना आहे.