किकबॉक्सिंग व ब्राझिलियन जिउ-जित्सू प्रशिक्षण (वडोदरा)

उभ्याने ठोसे-लाथा मारण्याचा खेळ आणि जमिनीवर धरून जोडीदाराला शरण आणण्याचा खेळ एकाच वर्गात शिकण्याची पद्धत. दोन्हींचे मूळ परदेशी असले, तरी बडोद्यात मारपीट आणि पकड यांची सांगड नवी नाही. खंडेराव गायकवाडांच्या (कारकीर्द १८५६–७०) दरबारी नखीच्या कुस्त्या होत. मल्ल मुठीत शिंगाच्या नख्या बांधून लढत आणि माती रक्ताने भिजे. १८६० च्या दशकात येथे आलेला फ्रेंच प्रवासी लुई रुसले याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. आजच्या वर्गातल्या गुबगुबीत ग्लव्हजपुढे ते प्रकरण भलतेच होते.

किकबॉक्सिंग जपानचे. कराटे आणि थाई मुष्टियुद्ध यांच्या झटापटीतून ते घडले. हे नाव ओसामु नोगुची यांनी दिले, आणि १९६६ मध्ये ओसाकात पहिले सामने भरवले. जिउ-जित्सूची वाट लांबची आहे. जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, १९२५ मध्ये रिओत ग्रेसींची शाळा निघाली, आणि पुढे त्यांचा धाकटा भाऊ हेलिओ याने ताकदीपेक्षा तरफेवर भर दिला. दोन्ही विद्या एकत्र शिकवण्याची चाल मात्र १९९३ नंतरची. त्या वर्षी अमेरिकेतल्या डेन्व्हरला, वेगवेगळ्या युद्धकलांचे खेळाडू एकमेकांना भिडवणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत अंगाने बेताच्या रॉइस ग्रेसीने ठोसेबाजांना खाली ओढून हरवले, आणि नुसत्या ठोशांवर भागत नाही हे सगळ्यांना पटले.

किकबॉक्सिंगचा भाग लवकर अंगवळणी पडतो. मनगटाला साडेचार मीटरची पट्टी गुंडाळायची, आरशासमोर हवेत ठोसे मारायचे, मग जोडीदाराने धरलेल्या पॅडवर. लाथ पावलाने नव्हे, नडगीने मारायची. पहिले काही आठवडे नडगीवर निळे डाग राहतात. हौशी सामन्यात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, आणि दुसऱ्या फेरीत हात खाली येऊ लागतात.

खरी अडचण जमिनीवर येते, आणि ती तालमीत वाढलेल्या मुलाला जास्त. कुस्तीत पाठ टेकली की चीत, खेळ खलास. म्हणून पाडल्याबरोबर तो सवयीने पालथा होतो. जिउ-जित्सूत नेमकी हीच चूक. पाठ उघडी पडली की प्रतिस्पर्धी आपले पाय अडकवून वर बसतो, त्याला चार गुण मिळतात, आणि मागून हात गळ्याभोवती जातो. उलट, पाठीवर पडून दोन्ही पायांनी समोरच्याला कमरेशी अडवणे ही इथली मानाची जागा, तिला गार्ड म्हणतात. समोरच्याचा गार्ड ओलांडला तर तीन गुण, खालून उलथवून वर आले तर दोन. तालमीतले पोरगे पाठीवर निजायला शिकेपर्यंत महिने जातात. त्याची पकड, मान आणि दम मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. जोर-बैठकांची मेहनत वाया गेलेली नसते.

सरावाच्या कुस्तीला तालमीत जोर करणे म्हणतात, त्याला इथे रोल म्हणतात. कोपर ताणले किंवा गळा आवळला की जोडीदाराच्या अंगावर दोन थापा मारायच्या, त्याने लगेच सोडायचे. नवखे लाजेपायी उशिरा थाप मारतात आणि कोपर धरून घरी जातात. पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा अशा क्रमाने. काळ्यापर्यंत दहाएक वर्षे लागणे नेहमीचेच.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे हाडे बसवण्यासाठीही ख्यात होते. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा मराठी खंड द. चिं. करंदीकर (मुजुमदार) यांनी याच शहरातून काढले. शहराची व्यायामाची परंपरा अशी जुनी असूनही लाल मातीचा हौदा आणि फोमची चटई यांचे नियम वेगळेच. मातीत तेल, ताक, हळद कालवतात. चटई रोज जंतुनाशकाने पुसावी लागते. पावसाळ्यात गी, म्हणजे जिउ-जित्सूचा जाड सुती पोशाख, दोन दिवस वाळत नाही, ओलाच चढवला की गजकर्ण होते, आणि गजकर्ण झालेल्याला बरे होईपर्यंत चटईवर पाऊल ठेवू देत नाहीत.